नातवंडांसाठी मावशी निवडताना : प्रमाणपत्र पाहावे की अनुभव?

चाकण, भोसरी आणि तळेगावच्या कारखान्यांत दिवस तीन पाळ्यांत विभागलेला असतो. तान्ह्या मुलाच्या दिवसाला पाळ्या नसतात. पहिल्या पाळीची कंपनीची बस उजाडण्याआधीच सोसायटीच्या फाटकापाशी येऊन उभी राहते, दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्रीच्या सुमारास घरी पोहोचतो, आणि तळेगाव-चाकण रस्ता तुंबला की ‘सहापर्यंत येते’ हे सुनेचे आश्वासन आठपर्यंत लांबते. अशा घरात मूल जन्मले की सातारा, सोलापूर, लातूर, जळगाव अशा ठिकाणांहून आजी-आजोबा रावेत, वाकड, मोशी, चिखलीच्या सदनिकांत येऊन राहतात. ते हौसेने येतात, यात शंका नाही. परंतु साठी-पासष्टी उलटलेल्या गुडघ्यांना आणि कमरेला दहा किलोचे मूल दिवसातून वीस-पंचवीस वेळा उचलणे झेपत नाही. मग घरात ‘मावशी’ येतात.

या मावशी येतात त्या बहुधा ओळखीतून, सोसायटीतल्या दुसऱ्या घरातून किंवा ब्युरोमार्फत. ब्युरो चालवणारी व्यक्ती साधारणतः दोन प्रकारच्या बायकांची नावे सुचवते. एक पंचविशीची, बालसंगोपनाचा काही महिन्यांचा अभ्यासक्रम केलेली, प्रमाणपत्र जवळ असलेली. तिचा पगार थोडा अधिक. दुसरी पंचेचाळिशीची, शाळा चौथी-पाचवीत सुटलेली, पण पंधरा वर्षांत आठ-दहा घरांतली मुले वाढवलेली. निवड मुलगा-सून फोनवरून, कामाच्या धबडग्यात करतात. तिचे बरेवाईट परिणाम मात्र दिवसभर घरात असणाऱ्या आजी-आजोबांच्या डोळ्यांसमोर घडतात. म्हणून या प्रश्नाचा विचार त्यांनीच आधी करावा, असे वाटते.

हातांचे ज्ञान

मूल सांभाळण्यासाठी बाहेरची बाई ठेवणे ही शहरी नोकरदारांनी आणलेली नवी रीत आहे, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. संभाजी महाराजांना दूध पाजणाऱ्या कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांचे नाव मराठी माणूस आजही आदराने घेतो. सामान्य घरांतूनही बाळंतिणीची बाई सव्वा महिना येत असे, आणि आपल्यापैकी अनेकांची पहिली अंघोळ तिच्याच पायांवर झालेली आहे. तिच्याकडे कोणताही कागद नव्हता. पालथ्या पायांवर बाळ कसे घ्यावे, मान कशी सावरावी, पाणी कोपराने कसे पाहावे, हे तिच्या हातांना ठाऊक होते. भुकेचे रडणे कोणते, झोपेचे कोणते आणि पोटदुखीचे कोणते, हे ती दाराबाहेरून सांगू शके.

हे ज्ञान खरे आहे आणि वर्गात बसून ते मिळत नाही. दीड वर्षाचे मूल जेवायला तोंड उघडत नाही, तेव्हा काय करावे याची कोणतीही पुस्तकी रीत त्या मुलापुढे पाच मिनिटेही टिकत नाही. अनुभवी बाई चिडत नाही. ती ताट बाजूला ठेवते, खिडकीतला कावळा दाखवते, अर्ध्या तासाने पुन्हा बसते. अशा बाईच्या हाती मूल दिले की घरातला ताण निम्मा होतो. रोजच्या दिवसाचा, म्हणजे वर्षातल्या साडेतीनशे दिवसांचा प्रश्न अनुभवाने सुटतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्रश्न उरतो तो उरलेल्या पंधरा दिवसांचा.

अनुभवाची एक खोड अशी की, त्यात जे काही सतत केले गेले ते बरोबरच असणार अशी खात्री तो देतो. बाळाला मध चाटवण्याची प्रथा घ्या. एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंपासून क्वचित बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होतो, हे आज बालरोगतज्ज्ञ निःसंदिग्धपणे सांगतात. परंतु हा आजार क्वचितच होतो, म्हणून पन्नास बाळांना मध चाटवलेली बाई ‘एकालाही काही झाले नाही’ असे छातीठोकपणे सांगू शकते, आणि ती खोटे बोलत नसते. नाकात तेलाचे थेंब सोडण्याचेही तसेच. ते तेल श्वासमार्गातून फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो. दहा बाळांना काही झाले नाही, यावरून अकरावे सुरक्षित ठरत नाही. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला आईच्या दुधाखेरीज वरचे पाणीही देऊ नये, ही गोष्टसुद्धा उन्हाळ्यात कळवळून चमच्याने पाणी पाजणाऱ्या मायाळू बाईला पटवून द्यावी लागते. बाळंतपणानंतरचा पहिला चीक पिळून टाकण्याची चाल किती पिढ्यांच्या ‘अनुभवी’ बायकांनी सांभाळली, हे आपल्या पिढीला सांगण्याची गरज नाही. दुर्मीळ संकट एका माणसाच्या अनुभवात बसत नाही. ते हजारो मुलांच्या नोंदी एकत्र केल्यावर दिसते, आणि त्या नोंदींचे सार म्हणजेच शिक्षण.

कागदाची किंमत

मग प्रमाणपत्र असलेली तरुणी घ्यावी का? त्याआधी हे प्रमाणपत्र कशाचे असते, ते पाहू. केंद्र सरकारच्या कौशल्य विकास व्यवस्थेत घरगुती कामगारांसाठी स्वतंत्र सेक्टर स्किल कौन्सिल आहे आणि तिच्या अभ्यासक्रमांत मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीचा तसेच वृद्धांची बिगरवैद्यकीय देखभाल करणाऱ्या व्यक्तीचा, असे दोन वेगळे अभ्यासक्रम आहेत. आरोग्य क्षेत्राच्या कौन्सिलचे ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ व ‘होम हेल्थ एड’ हे अभ्यासक्रम त्याहून निराळे. ते रुग्णाच्या शुश्रूषेशी संबंधित आहेत. 2015 पासून पंतप्रधान कौशल्य विकास योजनेमुळे अशा अभ्यासक्रमांचा प्रसार झाला. याखेरीज अनेक खासगी संस्था आणि काही ब्युरो स्वतःची प्रमाणपत्रे देतात. त्यांपैकी काही कागद चार दिवसांच्या व्याख्यानांवर मिळालेले असतात. म्हणून कागद पाहताना तो कोणी दिला, किती महिन्यांच्या शिक्षणावर दिला आणि त्यात प्रत्यक्ष मुलांबरोबर काम किती होते, हे तीन प्रश्न विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बाहुलीवर सराव केला असे आले, तर कागदाची किंमत त्या प्रमाणात कमी समजावी. आणखी एक घोटाळा सर्रास होतो : रुग्णसेवेचे प्रमाणपत्र दाखवून बाळासाठी बाई पाठवली जाते. अंथरुणावरील रुग्णाची चादर बदलण्यात ती निष्णात असेल. रांगत्या मुलामागे दिवसभर धावण्याचे शिक्षण तिला मिळालेले नसते.

या क्षेत्रातील जुनी आणि नामांकित संस्था इंग्लंडमधील नॉरलंड ही आहे. एमिली वॉर्ड यांनी ती 1892 मध्ये स्थापन केली, तेव्हा मुले सांभाळण्यासाठी शिक्षण लागते ही कल्पनाच तिथल्या घरंदाज लोकांना विचित्र वाटत होती. आज ही संस्था बाथ शहरात आहे आणि तिथे तीन वर्षांची पदवी घेतली तरी काम संपत नाही. त्यानंतर एक वर्ष एखाद्या कुटुंबात पगारी नोकरी करून दाखवावी लागते, तेव्हा कुठे संस्थेची स्वतःची पदविका हाती पडते. ज्या संस्थेचा सारा व्यवसायच प्रमाणपत्रावर उभा आहे, तिचाही नुसत्या वर्गावर विश्वास नाही, ही गोष्ट बोलकी आहे.

गडचिरोली आणि जामखेड

परंतु या प्रश्नाचे सर्वात भक्कम उत्तर शोधण्यासाठी इंग्लंडला जावे लागत नाही. ते आपल्याच राज्यात मिळालेले आहे.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील 39 गावांत 1990 च्या दशकात नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा प्रयोग केला. त्या गावांत अनुभवाची उणीव नव्हती. सुईणी होत्या, आज्या होत्या, दहा-दहा बाळंतपणे पाहिलेल्या बायका होत्या; आणि तरीही हजार जिवंत जन्मांमागे सुमारे 62 बाळे पहिल्या महिन्यातच दगावत होती. संस्थेने पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या, गावातल्याच स्त्रिया निवडल्या. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, श्वास मोजणे, जंतुदोषाची लक्षणे ओळखणे आणि प्रतिजैविक देणे हे त्यांना शिकवले. पण शिकवून त्यांना सोडून दिले नाही. त्या घरोघर जाऊन काम करीत, नोंदी ठेवीत आणि पर्यवेक्षक ठरावीक काळाने येऊन ते काम तपासत. तिसऱ्या वर्षी, शेजारच्या 47 गावांच्या तुलनेत, या गावांतील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे 62 टक्क्यांनी कमी झाले. हा अहवाल 1999 मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे 2011 मध्ये देशभरातील आशा कार्यकर्त्यांना नवजात बाळाच्या घरी भेटी देण्याचे जे काम मिळाले, त्यामागे हाच प्रयोग होता. बाळंतपणानंतर आपल्या वस्तीत येणारी आशाताई बाळाचे वजन करते, तेव्हा ती गडचिरोलीतल्या त्या बायकांचाच वारसा चालवत असते.

जामखेडचा अनुभव तर याहून जुना. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कित्येक जणी निरक्षर होत्या. त्या ठरावीक दिवशी जामखेडला येत, शिकत, गावात जाऊन ते करीत, पुढच्या वेळी अडचणी घेऊन परत येत. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या पुरस्कारात या बायकांचाही वाटा होता, असे मी मानते.

या दोन्ही उदाहरणांत शालेय पात्रता नाममात्र होती किंवा नव्हतीच. शिक्षण मात्र होते, आणि ते हाताने काम करताना, कोणाच्या तरी नजरेखाली चालू होते. अमेरिकेत 1991 पासून तेराशेहून अधिक मुलांचा जो दीर्घकालीन अभ्यास झाला, त्यातही सांभाळणाऱ्या व्यक्तीचे प्रशिक्षण आणि तिच्या वाट्याला आलेल्या मुलांची कमी संख्या या दोन्ही गोष्टींचा काळजीच्या दर्जाशी संबंध आढळला. एका बाईच्या गळ्यात तीन मुले घातली, तर तिचे प्रमाणपत्रही थकते आणि अनुभवही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. बाई निवडताना अनुभवाला आणि स्वभावाला पहिली पसंती द्यावी, आणि जे पाच-सहा विषय जिवाशी संबंधित आहेत ते तिला आपल्या खर्चाने शिकवावेत. नुसता कागद असलेली व्यक्ती एकटीवर बाळ सोपवण्यासाठी घेऊ नये. याला एक अपवाद आहे. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल, त्याला फिट्स येत असतील, हृदयाचा किंवा श्वासाचा आजार असेल, तर मात्र रुग्णसेवेचे रीतसर शिक्षण घेतलेली व्यक्ती हवीच, आणि ती कोणती हवी हे मुलाच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

विचारायचे प्रश्न

मुलाखतीत ‘तुम्हाला काय काय येते?’ असे विचारले की ‘सगळे येते’ असेच उत्तर मिळते. त्याऐवजी प्रसंग सांगावा. ‘बाळाच्या घशात शेंगदाणा अडकला, ते खोकतही नाही आणि रडतही नाही, काय कराल?’ पाणी पाजेन, घशात बोट घालून काढेन, ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, कारण आंधळेपणाने बोट घातल्यास दाणा आणखी खोल जातो. वर्षाच्या आतील बाळाला हातावर पालथे, डोके खाली करून खांद्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापट्या द्याव्यात, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाबावे, आणि अडकलेली वस्तू सुटेपर्यंत हे आलटून-पालटून करावे; दरम्यान दुसऱ्याने 108 ला फोन करावा. बाळ निपचित पडले, तर लगेच जीवरक्षणाची क्रिया सुरू करावी लागते. एक वर्षावरील मुलासाठी छातीऐवजी पोटावर दाब देण्याची पद्धत आहे. हे वाचून येत नाही. एकदा कोणा जाणकाराकडून करून पाहावे लागते. सेंट जॉन ॲम्ब्युलन्स आणि रेडक्रॉस या संस्था प्रथमोपचाराचे वर्ग घेतात. मावशींना तिथे पाठवावे, आणि जमल्यास आजी-आजोबांनी स्वतःही जावे. उत्तर चुकले म्हणून बाई नाकारू नये, असेही इथेच सांगते. चुकले की ‘मग काय करायचे असते?’ असे ती विचारते का, ते पाहावे. जी विचारते तिला शिकवता येते.

पिंपरी-चिंचवडच्या घरांत एक धोका विशेष आहे. नोव्हेंबर 2019 पासून शहरात दिवसाआड पाणी येत आल्यामुळे बहुतेक घरांत बादल्या, टब, पिंपे भरून ठेवण्याची सवय पडली आहे. नुकते चालू लागलेले मूल बादलीत डोकावताना डोक्याच्या वजनाने आत तोल जाऊन पडते, आणि इतक्या उथळ पाण्यातही आवाज न करता गुदमरते. न्हाणीघराचे दार कडी लावून बंद असणे, पिंपावर घट्ट झाकण असणे, या गोष्टी मावशींच्या अंगवळणी पडल्या आहेत का, हे पहिल्या आठवड्यातच कळते.

दुसरा धोका आपल्याच उशाशी असतो. रक्तदाबाची आणि मधुमेहाची गोळी लहान मुलाला रंगीत गोळीसारखी दिसते. मधुमेहाच्या काही औषधांची एकच गोळी त्याची साखर धोकादायकरीत्या उतरवू शकते. आजोबांचा औषधांचा डबा उंच, कुलपात असावा. सकाळच्या गोळ्या वाटीत काढून टेबलावर ठेवण्याची सवय कितीही सोयीची असली तरी मोडावी. मावशी कितीही प्रशिक्षित असल्या, तरी त्या आपल्या वाटीवर पहारा ठेवू शकत नाहीत.

तापाच्या औषधाबद्दल थोडे विस्ताराने लिहायला हवे, कारण इथे चूक शिकलेल्या माणसांकडूनही होते. लहान बाळांसाठी मिळणाऱ्या पॅरासिटामॉलच्या थेंबांत एका मिलिलीटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असते. सिरपमध्ये तेच पाच मिलिलीटरमध्ये साधारणपणे 120, 125 किंवा 250 मिलिग्रॅम असते. म्हणजे थेंबांची बाटली सिरप समजून चमच्याने पाजली, तर मात्रा दुप्पट ते चौपट होते. ब्युरोने पाठवलेल्या मावशींना लेबल वाचता येत नसेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. घरात एकाच प्रकारची बाटली ठेवावी, डॉक्टरांनी वजनावरून ठरवलेली मात्रा बिनसुईच्या सिरिंजवर पक्क्या शाईने रेघ मारून दाखवावी, आणि दोन मात्रांमध्ये किती तास जायला हवेत ते घड्याळाच्या चित्राने समजावावे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, तर घरी औषध देऊन वाट पाहू नये, डॉक्टरांकडे न्यावे. जुलाब झाले तर एक लिटरच्या पुडीचे ओआरएस एक लिटर पाण्यातच कालवावे. ‘मूल एवढे पिणार नाही’ म्हणून अर्धी पुडी अंदाजाने पेलाभर पाण्यात टाकणे घातक ठरते. ही चूक मी शिकलेल्या घरांतही होताना पाहते.

मोबाईलचा विषय थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा अजिबात दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलालाही दिवसाला एका तासाहून अधिक नको. पण हा नियम मावशींना लावताना दुपारी आजोबांच्या खोलीत चालणारा दूरदर्शन संच विसरू नये. बोलक्या मावशी मिळाल्या तर भाग्य समजावे. त्यांची बोली बीडची असो, बुलढाण्याची असो. नातू ‘इकडं ये की’ म्हणू लागला म्हणून काही घरांत नाराजी होते, ती मला तरी अनाकलनीय वाटते.

आजींचा अनुभव

इथे एक अवघड गोष्ट सांगणे भाग आहे. प्रशिक्षित मावशी घरात आल्या आणि ‘बाळाला उताणेच झोपवायचे’, ‘घुटीत मध नको’, ‘डोळ्यांत काजळ नको’ असे म्हणू लागल्या, तर आजींना ते लागते. चार मुले वाढवलेल्या बाईला काल आलेल्या मुलीने शिकवावे, हे सहन होत नाही. पण अनुभवाच्या ज्या मर्यादा मावशींना लागू आहेत, त्या आपल्यालाही लागूच आहेत. त्यातून वाट काढण्याचा एक सोपा उपाय आहे : मतभेदाची यादी करून लसीकरणाच्या दिवशी बालरोगतज्ज्ञांपुढे ठेवावी आणि तिथे जे ठरेल ते दोघींनी मानावे. मालीश, ओव्या, अंगाई, दुपट्यात गुंडाळून खांद्यावर थोपटणे यांना कोणताही डॉक्टर नको म्हणत नाही. तिथे आजींचाच अधिकार चालतो.

आजी-आजोबा घरात असणे ही मावशींसाठी अडचण नसून सोय आहे, हे त्यांना पहिल्याच दिवशी जाणवू द्यावे. गडचिरोलीत पर्यवेक्षकाने जे केले, तेच घरात थोड्या प्रमाणात आजी-आजोबा करू शकतात. पाहावे, विचारावे, चुकले तर बाजूला बोलावून सांगावे. मुलादेखत किंवा शेजाऱ्यांदेखत रागावू नये. कॅमेरा लावला असेल, तर तो कुठे आहे हे सांगून लावावा. लपवलेला कॅमेरा सापडला, की त्या दिवसापासून ती बाई मुलाकडे न पाहता भिंतीकडे पाहू लागते.

आणि त्यांना एकाच वेळी दोन कामे देऊ नयेत. बाळासाठी ठेवलेल्या मावशींनीच आजोबांना पक्षाघातानंतर उठवावे, बसवावे, शौचास न्यावे, अशी अपेक्षा हळूहळू तयार होते. आजोबांना आधार देऊन त्या न्हाणीघरात उभ्या आहेत आणि बाहेर मूल खुर्चीवर चढले आहे, अशा क्षणी त्यांनी कोणाला सोडावे? अभ्यासक्रम वेगळे आहेत, ते यासाठीच.

मावशींचा स्वतःचा दिवस

कामावर ठेवताना ओळखपत्र पाहणे, आधीच्या घरी फोन करून ‘मूल आजारी पडले तेव्हा त्यांनी काय केले?’ हे विचारणे आणि पोलिस पडताळणी करून घेणे ही रीत आता रुळली आहे. गावाकडून बारा-तेरा वर्षांची मुलगी ‘बाळाला खेळवायला’ आणण्याची जुनी चाल मात्र अजून पुरती मोडलेली नाही. चौदा वर्षांखालील मुलांना घरकामास ठेवण्यास 2006 पासून बंदी आहे. आणि जिला स्वतःलाच सांभाळायला हवे, तिच्या हाती बाळ देणे कायदा नसता तरी चुकीचेच ठरले असते.

महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे आणि मंडळाकडे नोंदणी करता येते. मावशींची नोंदणी झाली आहे का, हे विचारणारी घरे फारच थोडी. बारा तासांच्या पाळीनंतर चाकणच्या कोंडीमुळे त्यांचे आणखी दोन तास जातात, याचा मोबदला देणारी घरे त्याहून थोडी. आपल्या नातवाला जेवू घालणाऱ्या बाईचे स्वतःचे मूल त्या वेळी कुठे असते, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. कोणाचे गावी आजीकडे असते, कोणाचे अंगणवाडीत, कोणाचे थोरल्या बहिणीच्या कडेवर. बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी पुणे परिसरात ‘तारा मोबाईल क्रेशेस’ ही संस्था बांधकामाच्या जागीच पाळणाघरे चालवते; घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी अशी सोय अभावानेच आढळते. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय असावी, ही तरतूद 2017 च्या सुधारणेने मातृत्व लाभ कायद्यात आली. ज्या कंपनीत आपली सून काम करते तिथे ते आहे का, हेही एकदा विचारून पाहावे. असेल, तर मावशींवरचा भार काही तासांनी हलका होईल.

झोप न झालेली, घरच्या चिंतेत असलेली, आठवड्याची सुट्टी न मिळालेली बाई शिकलेले विसरते आणि अनुभवही वापरू शकत नाही. साप्ताहिक सुट्टी, ठरलेल्या तारखेला पगार, दुपारचे ताजे जेवण आणि पाठ टेकायला अर्धा तास, यांचा बाळाच्या सुरक्षिततेशी थेट संबंध आहे.

प्रमाणपत्रात नसलेली आणि पंधरा वर्षांच्या अनुभवातही न मोडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे याच मुलाची ओळख. आपल्या नातीला झोप येऊ लागली की ती डावा कान चोळते, हे कळायला मावशींना दोन-तीन महिने लागतात. दर चार महिन्यांनी बाई बदलणाऱ्या घरात ही ओळख कधीच तयार होत नाही, आणि मूल दर वेळी एक माणूस गमावते. म्हणून मावशी सोडून जाणार असतील, तर नव्या बाईंबरोबर आठ-दहा दिवस एकत्र राहतील अशी व्यवस्था करावी आणि त्या दिवसांचा दोघींनाही पगार द्यावा. मुलाला न सांगता गुपचूप निघून जायला लावू नये. ते रडेल, रडू द्यावे. जाताना हातात साडीचोळीबरोबर एक कागदही द्यावा. त्यावर त्यांनी किती वर्षे काम केले, मूल किती महिन्यांचे असताना आल्या, कोणता प्रथमोपचाराचा वर्ग केला, मूल आजारी असताना त्यांनी काय काळजी घेतली, हे स्वच्छ अक्षरात लिहावे. खाली घरातल्या ज्येष्ठाने सही करावी, तारीख घालावी, आणि पुढच्या घराने विचारले तर उत्तर देता येईल असा फोन क्रमांक लिहावा.